न फाटलेली पोळी

माझ्या दुकानासमोर रोज संध्याकाळी दोन-चार जण फोन धरून उभे असतात. मी पोळी हातावर घेतली की त्यातला एखादा ओरडतोच, "आजी, थांबा थांबा, पुन्हा एकदा!" आता ही पोळी थांबते का बाप्पा? कणीक हातावर आली की ओघळायला लागते, आणि दोन श्वासांत तिला मडक्यावर टाकलं नाही तर ती जमिनीवर जाते. पण हे त्यांना कोण सांगणार. सून म्हणते, ओरडू नका, याच लोकांमुळे दुकानाचं नाव होतं. होऊ दे बापा नाव. परवा एका मुलीनं फोन माझ्या तोंडाजवळ आणून विचारलं, "आजी, ही कला तुम्ही आईकडून शिकलात ना?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. गर्दी होती, खांदा ठणकत होता, खरं सांगत बसले असते तर चुलीवरचं मडकं तापून तडकलं असतं. खरं असं आहे की माझ्या मायनं मला पोळी शिकवलीच नाही. शिकवणार नाही, हा तिचा हट्ट होता. आता दुपारी दुकान बंद असतं, झोप येत नाही, म्हणून सुनेकडून दोनशे पानी वही मागून घेतली आहे. जमेल तेवढं लिहीन.

आमची पोळी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. पोळपाट नाही, लाटणं नाही, तवा नाही. गव्हाचं पीठ कापडातून गाळायचं, मिठाच्या पाण्यात सैल भिजवायचं आणि परातीत आपटायचं. उचलायचं, आपटायचं, तासभर. मग कणकेला अशी तार येते की मूठभर गोळा हातावर घेतला तर तो आपणच खाली उतरत जातो. या हातावरून त्या हातावर घेत घेत ती पोळी कोपरापर्यंत लांबते, पातळ होते, आणि मग चुलीवर उपड्या ठेवलेल्या मडक्यावर फेकायची. मिनिटभरात भाजते. तिला लांब पोळी म्हणतात. रुमालासारखी घडी घालून ताटात वाढतात, रश्शासोबत, नाहीतर उन्हाळ्यात आमरसासोबत. खाणाऱ्याला ती कापसासारखी मऊ लागते. करणाऱ्याच्या हातावर एक केस राहत नाही, मनगटापासून कोपरापर्यंत चटके असतात, आणि पन्नाशीच्या आत खांदा जातो.

उत्तर नागपुरात आमच्या दोन खोल्या होत्या, आणि बाहेर टिनाच्या पत्र्याखाली दोन चुली. माझी सकाळ मायच्या कणीक आपटण्याच्या आवाजानंच व्हायची. त्याआधी ती हातातल्या बांगड्या काढून खुंटीला अडकवायची, कारण पोळी बांगडीत अडकते. शेजारच्या बाया पहिल्या-पहिल्यांदा नावं ठेवायच्या, सवाष्ण बाई आणि मोकळे हात! माय त्यांना म्हणायची, "तुमच्या बांगड्यायनं पोट भरते का? भरत असन तर सांगा, मीबी घालतो." बाबा लाकडाच्या टालावर कामाला होते, जळणाचे तुकडे तिथूनच यायचे. बोलायला कमी, खायला कमी, रागवायलाही कमी माणूस. आम्ही घरात जास्त करून कण्यांचा भात आणि जवसाची चटणी खायचो, वांगी स्वस्त झाली की भरीत. रविवारी माय पावभर मटण आणून रस्सा करायची, त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, आणि त्या दिवशी बाबा दोन वाक्यं जास्त बोलायचे.

मायसोबत कौसल्यामावशी काम करायची. नात्यातली नव्हती, पण मावशीच. ती चूल सांभाळायची आणि भाजलेली पोळी उतरवायची. एकेकाळी तिचा हात मायपेक्षा चांगला होता म्हणे. चौदाव्या वर्षी एका पोळ्यावाल्या घरानं तिला सून करून नेलं, आणि तीस वर्षं मडक्यासमोर बसवलं. कोपर वाकडं झालं तेव्हा तिची जागा धाकट्या सुनेनं घेतली आणि ही आमच्याकडे आली. माय मला तिचं कोपर दाखवायची. कौसल्यामावशीसमोरच दाखवायची, लाज नाही, संकोच नाही. "पाह्य वं सुनंदे, नीट पाह्य. हात आलेल्या पोट्टीले लोकं सून म्हणून नाही नेत. हात म्हणून नेतात." मावशी हसायची आणि चुलीत लाकूड सारायची. मला परातीला हात लावायची बंदी होती. पोळ्यांच्या घड्या घालणं, फडकं झाकणं, गिऱ्हाइकाला देणं, एवढंच माझं काम. मी बारावी झाले होते आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्सिंगच्या शिक्षणाचा फॉर्म भरला होता. तो मायनं भरायला लावला होता. बाबा सही करायला तयार नव्हते. दोन दिवस फॉर्म घेऊन बसले, आणि शेवटी म्हणाले, "हिले पोळ्या तं येत नाही. करू दे मंग काहीतरी." मायनं अठरा वर्षं जे जपलं होतं ते या एका वाक्यासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही.

आणि मला पोळ्या येत होत्या. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. माय गहू दळायला गेली की मी ओढणी ओली करून हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर. ओल्या ओढणीचं वजन कणकेसारखंच लागतं. पुढे पुढे परातीतला मूठभर गोळा चोरायला लागले. पहिल्या कितीतरी पोळ्या राखेत पडल्या, त्या मी पुरून टाकल्या. मनगटाला चटका बसला तेव्हा चहाचं पातेलं उलटलं म्हणून सांगितलं. का शिकले? मला नर्स व्हायचं नव्हतं असं नाही. पांढरी टोपी, स्वतःचा पगार, मलाही पाहिजे होतं. पण बारा वर्षं रोज डोळ्यांसमोर एक गोष्ट होते, आणि तिला हात लावू नको म्हणतात, तर हात शिवशिवणारच की. मी जन्माची हट्टी. मायनं मला मारूनमुटकून मडक्याजवळ बसवलं असतं तर मी खात्रीनं पळून गेले असते.

धरमपेठेतल्या एका साहेबांची रिटायरमेंट होती. मोठा बंगला, अंगणात मांडव, दुपारचं जेवण. पाटवडीचा रस्सा, आमरस, आणि पोळी पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला पाहिजे असा त्यांचा आग्रह. आम्ही तिघी मडकी, परात आणि जळण घेऊन ऑटोनं गेलो. मायचा खांदा त्या महिन्याभरात दुखतच होता. ती कोणाला सांगायची नाही, फक्त भांडं उचलताना खालचा ओठ दातात धरायची. पहिली पंगत बसली. तीस-चाळीस पोळ्या झाल्या असतील, आणि मायचा उजवा हात वर जाईना. ती डाव्या हातानं उजवा उचलायला लागली. पोळी फाटून जमिनीवर पडली. साहेबांच्या बायको आल्या, वाईट नव्हत्या बिचाऱ्या, पण घाबरल्या. "काय झालं हो? दोन पंगती राहिल्यात ना!" कौसल्यामावशीनं स्वतःच्या वाकड्या कोपराकडे पाहिलं. माय म्हणाली, "पाच मिनिटं द्या बाई." पाच मिनिटांनी काही होणार नव्हतं, ते मला दिसत होतं. मी बांगड्या काढल्या आणि परातीजवळ बसले.

पहिली पोळी फाटली. दुसरी मडक्यावर वाकडी पडली. तिसरीपासून मला काही आठवत नाही, एवढंच आठवतं की हात मोकळे सुटले होते आणि मला आनंद होत होता. आनंदच, दुसरा शब्द नाही. पुढच्या पंगतीचे लोक भोवती जमले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, एक पोट्टा म्हणाला, "अरे यार, क्या बात है!" मी पोळी थोडी जास्तच उंच घेत होते, हे आता कबूल करते. दाखवत होते. मधेच मायकडे पाहिलं. ती मांडवाच्या बांबूजवळ स्टुलावर बसली होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं खांद्याची कळ डोक्यात गेली. घरी आल्यावर तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे केले, जुन्या चटक्याच्या डागावर अंगठा ठेवला, आणि विचारलं, "कोणं-कोणं पाह्यलं?"

"सगळ्यायनं पाह्यलं. काहून?"

"काहून म्हणते!" तिनं कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! अवं, आपल्याच लोकायचे वाढपी होते तिथं. कामठीपर्यंत गेली असन गोष्ट."

मला राग आला. तिची लाज मी राखली होती, दोन पंगती निभावल्या होत्या, आणि शाबासकीचा एक शब्द नाही. मी जेवले नाही त्या दिवशी.

आठ दिवस झाले नाहीत तोच गिरजाबाईंचा निरोप आला. कामठीच्या गिरजाबाई म्हणजे पोळीवाल्यांतलं मोठं नाव, पाच मडक्यांचं काम, लग्नसराईत पलटणीतल्या साहेब लोकांच्या पार्ट्याही त्यांच्याकडे. लांबून बाबांच्या नात्यात. धाकट्या मुलासाठी मुलगी पाहायची होती. मुलगा ऑटो चालवतो, निर्व्यसनी आहे, एवढंच निरोपात. निरोप आला त्या संध्याकाळी बाबा घरी नव्हते. मायनं दाराला कडी लावली आणि माझ्यासमोर बसली. "आयक. ते बाई तोंड पाहाले नाही येऊन राहिली. ते परात मागवन. तुले पोळी कराले लावन. तू फाड. पहिली फाड, दुसरी फाड, मंग ते आपणच उठून जाईन. साहेबाच्या घरी मीच केल्या, पोट्टीनं दोन-चार फेकल्या, असं सांगतो मी. समजलं?" मी म्हणाले, समजलं. "कबूल?" मी म्हणाले, हाव, कबूल. आणि मी मनापासून म्हणाले होते. ही गोष्ट मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत आले आहे, की मी मनापासून कबूल केलं होतं.

गिरजाबाई आल्या त्या पांढऱ्या लुगड्यात, हातात पिशवी, सोबत कोणी नाही. चहा घेतला. माझ्याकडे पाहून हसल्या, नाव विचारलं, शिक्षण विचारलं नाही. मग म्हणाल्या, "हात दे वं." मनगटापासून कोपरापर्यंत बोटांनी मोजलं, कोपर दाबून पाहिलं, आणि बाबांना म्हणाल्या, "लांब हात आहे." बाबा खाटेवर बसले होते. त्यांना साहेबाच्या घरचं सगळं कळलं होतं, पण ते त्यावर काही बोललेच नव्हते.

"हिले येते म्हणतात पोळी."

"कोण म्हणते?" माय म्हणाली. "लोकायले काय, काहीबी बोलतात. हिच्या हातात काहीच नाही बाई. साधी भाकर वाकडी करते."

"मंग धरमपेठेत कोणं केल्या?"

"मीच केल्या. हिनं मधात हात घातला अन् दोन फाडल्या. इचारा कौसल्येले."

कौसल्यामावशीनं मान डोलावली. गिरजाबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. "असू दे. नाही येत तं नाही येत. एक करून तं पाहू द्या. कणीक भिजवेल दिसते."

दुपारच्या ऑर्डरची कणीक होतीच. मडकं तापलेलं होतं. मी बसले. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं. मी गोळा घेतला, बोटं मुद्दाम कडक केली, तसं केलं की पोळी मधोमध भोक पडून फाटते. आणि तेवढ्यात मायनं, काम पक्कं करायचं म्हणून, आणखी बोलायला सुरुवात केली. "आळशी आहे बाई एक नंबरची. अठरा वर्षं झाले माह्या बाजूनं बसून राहिली, पण पाहूनबी नाही शिकली. दगड आहे दगड. तुमच्या घरी आली तं तुमचं पीठ नासवन. हिच्या जातीले हे काम जमतच नाही, हे शिकलेल्या पोट्ट्यायचं असंच राह्यते." गिरजाबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या तोंडावर थोडंसं हसू होतं, कीव केल्यासारखं. त्या बाबांना म्हणाल्या, "जाऊ द्या. सगळ्यायलेच कुठं जमते."

मला माहीत होतं की माय खोटं बोलते आहे. माझ्यासाठी बोलते आहे हेही माहीत होतं. तरी माझ्या कानशिलात आग झाली. दगड? मी? ज्या मुलीनं ओल्या ओढणीवर चार वर्षं काढली ती दगड? मी मायकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी सांगितलं, फाड. माझी बोटं सैल झाली. पोळी मनगटावरून निघाली, कोपरापर्यंत आली, मी ती परतली, पुन्हा परतली, एवढी लांब की खाली परातीला टेकेल असं वाटलं, आणि मडक्यावर टाकली. कुठे सुरकुती नाही, कुठे जाड नाही. कौसल्यामावशी उतरवायची विसरली. मीच हातानं उतरवली.

गिरजाबाईंनी ती दोन्ही हातांनी धरून दाराच्या उजेडात पाहिली. तिच्यातून समोरच्या घराची खिडकी दिसत होती. एक तुकडा तोडून त्यांनी कोरडाच खाल्ला, आणि मायकडे बघून म्हणाल्या, "तुमचं दुखणं समजते बाई मले. माहीबी एक पोरगी होती, तिले मीच शिकवलं." पुढे त्या पोरीचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मग बाबांना, "कधी करायचं?" बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "हिच्या मायचा खांदा गेला," ते म्हणाले. "आता माह्या एकट्याच्या मजुरीनं घर नाही चालत. हिच्या हातात पोळी आहे तं उपाशी नाही मरणार. तुम्ही म्हणान तवा." माय भांडली असती तर थांबलं असतं, असं मला आजही वाटतं. पण ती कशाच्या जोरावर भांडणार? तिच्याजवळ सांगायला एकच गोष्ट होती, की पोरीला पोळी येत नाही.

गिरजाबाई गेल्यावर मी रडायला लागले. माय चुलीजवळ गेली, विस्तव ओढून घेतला, आणि परातीत उरलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकलं. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "माह्यापेक्षा पातळ झाली." आणि थोड्या वेळानं, "उठ. ऑर्डर राहिली आहे. मले नाही होत."

नर्सिंगला निवड झाल्याचं पत्र आलं, लग्नाच्या पंधरा दिवस आधी. मी ते वाचलं आणि बाबांच्या हाती दिलं. त्यांनी वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिलं, आणि परत माझ्याकडे दिलं. माझा नवरा चांगला होता, कामठी-नागपूर ऑटो चालवायचा, कधी हात उगारला नाही, आणि थंडीत माझा खांदा शेकून द्यायचा. सासू वाईट होती असंही मी म्हणणार नाही. ती मला कधी घालूनपाडून बोलली नाही. फक्त पहाटे उठवायची, आणि आजारी असले तरी उठवायची. माय त्यानंतर अकरा वर्षं जगली. त्या पोळीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मी माहेरी गेले की ती मला स्वयंपाक करू द्यायची नाही. एका हातानं, जमेल तसा, ती स्वतःच करायची. मी कितीदा म्हणायला गेले की माय, माझं चुकलं. तिनं प्रत्येक वेळी मधेच तोडून विचारलं, भाजीत तिखट बरोबर झालं का.

लोक म्हणतात, दुकान आहे, नाव आहे, पेपरात फोटो आला, आता काय कमी? काही कमी नाही. पण थकले आहे मी. आणि जिला लोक माझी कला म्हणतात, ती माझ्या रागाची शिक्षा आहे, असं मला कित्येक दिवस वाटत असतं. दुसरे कित्येक दिवस वाटत नाही, हेही लिहून ठेवते, कारण खोटं कशाला लिहायचं.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस सून माहेरी गेली होती. दुकान उघडायला वेळ होता, आजूबाजूला कोणी नव्हतं. मडकं तापलं होतं. मनात आलं, पाहू तरी, फाडता येते का. आता कोणी बघत नाही, कोणी दगड म्हणत नाही, काही मिळवायचं नाही, काही गमवायचं नाही. मी गोळा घेतला, बोटं कडक केली, मायनं सांगितलं होतं तशी मनात आज्ञा दिली, फाड. पोळी मनगटावर आली आणि बोटं आपोआप सैल झाली. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा. तिन्ही पोळ्या अख्ख्या उतरल्या. तेवढ्यात एक माणूस डबा घेऊन आला, घरी पेशंट आहे म्हणाला, लवकर पाहिजेत. मी त्या तिन्ही त्याला दिल्या आणि चौथी हातावर घेतली.